दव वाळायच्या आत

चष्मा काढून ठेवा. घड्याळ, चपला, मोबाइल, सगळं इथेच राहू द्या. साडी नेसा. हो, पुरुष वाचकांनीसुद्धा. आपण ज्या ओसरीवर बसणार आहोत तिथे बायकांचं राज्य आहे आणि परक्या पुरुषाला उंबऱ्याच्या आत कोणी घेणार नाही. एका दिवसापुरतं चालवून घ्या. आणि कोणी गाव विचारलं तर पुणं, सातारा, नागपूर यातलं काही तोंडातून काढू नका. आपल्या बारगिरांनी गंगेच्या पश्चिमेकडच्या बंगालात दहा वर्षं जो धुमाकूळ घातला, त्याच्या धास्तीने माणसं नदी ओलांडून पूर्वेला पळाली होती. इथल्या आया अजून पोरांना झोपवताना अंगाईत बर्गींचं, म्हणजे त्याच बारगिरांचं, नाव घेतात. तेव्हा तुम्ही दूरचे पाहुणे, एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं.

चला. साधारण अडीचशे वर्षं मागे, ढाक्याच्या पश्चिमेला, धामराईत, मलमलीचं सूत कातायला.

पाय टेकला तोच घोट्यापर्यंत चिखलात गेला ना? भाद्रपद आहे. अंधार अजून पुरता फिटलेला नाही. चारी बाजूंना पाणीच पाणी आणि मधल्या उंचवट्यांवर घरं; शेजारणीकडे विरजण मागायला जायचं तरी होडी काढावी लागते. पहिला वास येतो तो पाण्यात कुजत घातलेल्या तागाचा. नाकाला पदर लावालच. त्याच्या मागोमाग पिकून पडलेल्या ताडफळांचा गोड, जरा आंबूस वास, मग गोवऱ्यांचा धूर, मग मोहरीचं तेल. वारा म्हणून नाही. साडी पाठीला चिकटलीय, डास कानाशी गुणगुणतायत, आणि कुठेतरी ढेंकीवर भात सडणं सुरू झालंय: धप्प, धप्प. त्यातच विणकरांच्या बाजूने मागाची खटखट. पहाटेची शांतता वगैरे शहरातल्या लोकांनी काढलेली गोष्ट आहे, खेड्यात पहाटेएवढा गलका दिवसभरात कधी नसतो.

ओसरीवर बसलेली मुलगी जेमतेम बावीस-तेवीस वर्षांची. ती तुमचे हात हातात घेते, बोटांची पेरं चाचपते आणि तोंड वाकडं करते.

“मावशी, या हातांनी सूत नाही व्हायचं. तुम्ही आधी कापूस विंचरा.”

आणि तुमच्या हातात ठेवते माशाचा जबडा.

दचकू नका. बोआल नावाचा मोठा मिशाळ मासा इथल्या नद्यांत मिळतो, त्याचा वाळवलेला जबडा आहे हा. दात बघा: बारीक, आत वळलेले, एकाला एक खेटून. सरकीला चिकटलेला कापूस त्यावरून अलगद ओढायचा. पानाचा चुरा, मातीचा कण, तुटके तंतू सगळं दातांत अडकतं, आणि सरकीभोवती सरळ, स्वच्छ तंतूंचा झुबका राहतो. माणसाने अशी फणी घडवायची म्हटली तर महिना जाईल, मासा ती तोंडात घेऊन फिरतो. कापूस मेघनेच्या काठचा, फुटी नावाच्या जातीचा. त्याची पेरणीची सरकी म्हणे तुपातेलाच्या मुरलेल्या मडक्यात भरून चुलीवर टांगून ठेवतात, ओल लागू नये म्हणून. वर बघा, आहे की नाही?

विंचरून झालं की सरकी काढायची. गुळगुळीत फळीवर थोडा कापूस पसरायचा आणि लोखंडी सळई त्यावरून तळहाताने लाटायची. कापूस पुढे येतो, सरकी मागे राहते. जोर केलात तर सरकी फुटेल, तिचं तेल कापसाला लागेल आणि सकाळ वाया जाईल. तुम्ही जोर करणारच, सगळे करतात. ती काही बोलत नाही, तो झुबका उचलून बाजूला टाकते. हा वाती वळायला गेला.

पुढचं ती स्वतः करते. छोटी धनुकली, तिची दोरी कापसावर टणटणते आणि कापूस फुगून हवेत उडायला लागतो. तुमच्या घामेजल्या कपाळावर, भुवयांवर, नाकात. शिंकू नका! शिंकलात. असो. पिंजलेला कापूस दाबून, बारीक बोरूभोवती गुंडाळून पेळू होतो, आणि तो पेळू ती एका मऊ, काळपट, गुळगुळीत कातड्यात लपेटते. कुचिया म्हणून वामसारखा लांबट मासा असतो, त्याचं कातडं. धूळ लागत नाही, हातात मळत नाही. इथे वैष्णवाच्या घरातही जगातलं सगळ्यात तलम सूत दोन माशांच्या मदतीने निघतं.

चरखा शोधताय ना? तो काय, पलीकडच्या कोपऱ्यात, सासूच्या पुढ्यात. बारीक सूत अठरा ते तिशीच्या डोळ्यांचं काम. नजर जरा अधू झाली की बाईकडे चरखा येतो आणि त्यावरचं जाडं सूत. आपल्या मनात चरखा म्हणजे सूतकताईचा कळस. या ओसरीवर तो निवृत्त माणसांचं यंत्र आहे.

सुनेच्या पुढ्यात काय आहे ते बघून तुम्हाला हसू येईल. दाभणाएवढी बारीक लोखंडी चाती, सव्वा-दीड वीत लांब. तिच्या खालच्या अंगाला न भाजलेल्या मातीची गोळी, वजनापुरती. जमिनीवर ओल्या मातीचा छोटा गोळा आणि त्यात रुतवलेला शिंपल्याचा तुकडा. शिंपल्याच्या खोलगट भागात चातीचं टोक टेकवायचं, चाती तिरकी धरायची, एका हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत फिरवायची, दुसऱ्या हातात पेळू. संपला कारखाना.

तिचं बघून घ्या आधी. चाती फिरतेय, पेळूचा हात मागे जातोय, आणि मधे काहीच नाही. खरंच काही नाही? उजेड जरा वाढू द्या. मागच्या धुरकटलेल्या कुडापुढे एक रेघ क्षणभर चमकली, तेच सूत. हात मागे जातो, थांबतो, सूत चातीवर गुंडाळलं जातं, पुन्हा मागे जातो. मधेच ती बोटं खडूच्या पुडीत टेकवते. ती हाताकडे बघतही नाही. सासूशी कालच्या माशाच्या भावावरून भांडण चालू आहे.

आता तुम्ही. बसा मांडी घालून. बोटांना खडू लावा, घाम कमी करा. चाती फिरवा.

तुटलं.

टोक टोकावर ठेवा, नुसता पीळ चढू द्या, तंतू एकमेकांना धरतात. गाठ मारायची नाही. फिरवा. पुन्हा तुटलं. आता चिडून चाती गरागरा फिरवलीत, तर सूत स्वतःवरच वळून त्याच्या आढ्या पडल्या. पीळ कमी पडला की तंतू निसटतात, जास्त झाला की सूत अंगाशी येतं. मधली जागा केसाएवढीही नाही. आणि तुमचा हात ओढतोय, ही खरी अडचण. पेळूतून कापूस ओढायचा नसतो. पीळ चढत पेळूपर्यंत येतो आणि स्वतःला हवे तेवढे तंतू घेऊन जातो. हाताने फक्त वाट द्यायची. हे सांगायला सोपं आहे. ती तुमच्या मनगटावर दोन बोटं ठेवते आणि तुमचा हात तिच्या गतीने मागे नेते. वीतभर जातो, दोन विती जातो, आणि तुमच्या बोटांमधून तुमचंच सूत निघतं. जाडं आहे. गाठाळ आहे. सुतळी म्हणावी असं आहे. तरी तुम्ही ओरडलात, आणि सासूबाई चरख्यावरून मान वर करून खूप दिवसांनी हसल्या.

ज्या चिकट हवेला तुम्ही आल्यापासून शिव्या घालताय, तिच्यावाचून यातलं काहीच जमणार नाही. आखूड तंतूंचा कापूस ओलसर हवेत मऊ राहतो, ताण सोसतो. हवा कोरडी झाली की तोच ठिसूळ होऊन तुटत सुटतो. म्हणून कोरड्या दिवसांत या बायका पुढ्यात पसरट भांड्यात पाणी ठेवतात आणि सूत त्या पाण्यावर धरतात. म्हणूनच ही पहाट. उन्हाने गवतावरचं दव उचललं की ती चाती खाली ठेवते. अर्ध्या हातावर थांबते, “एवढं संपवून उठते” नाही. दुपार कलली की पुन्हा बसायचं, सूर्य मावळायच्या थोडं आधीपर्यंत. मधला सगळा वेळ भात, पाणी, गोवऱ्या, पोरं, ढेंकी. कताई हा तिच्या दिवसाचा धंदा नाही, दिवसाच्या दोन टोकांना जमवलेला आहे, आणि ती दोन टोकं हवा ठरवते.

दुपारी हाटाला चला. होडीत आधीच आठ माणसं, दोन बकऱ्या आणि इलिश माशांची टोपली, तुम्ही नववे. हाटात खांद्याला खांदा. मासे, गूळ, सुपाऱ्या, ओल्या पोत्यांचा वास, पान थुंकणारे म्हातारे, आणि सगळे एकदम बोलतायत. सूत विकायला सासूबाई स्वतः आल्यात. पाईकार, म्हणजे घाऊक घेणारा, बोरूवर गुंडाळलेलं सूत उजेडात धरतो, नखाने चाचपतो, कपाळाला आठ्या घालतो. सासूबाई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. भाव दोघांनाही आधीपासून ठाऊक आहे. हा सगळा तमाशा एक-दोन कवड्यांसाठी. सुनेने महिनाभर रोज सकाळी बसून कातलंय ते सूत भरतं अर्धा तोळा. आजच्या मापात सहा ग्रॅमसुद्धा नाही. त्याचं पुढे जे कापड होईल ते बादशहाच्या तोशाखान्यात जाईल, आणि इथे सासूबाईंच्या पदराच्या गाठीला मीठ-तेलापुरतं येईल. या कलेचं कौतुक करताना हा हिशेब आपण सोयीने विसरतो. विसरू नये.

विणकराकडे डोकावून घ्या, पण तिथे फार रेंगाळणार नाही. मागाचा खड्डा म्हणजे अर्ध्या अंगाने जमिनीत बसणं, आणि तिथे उकाडा दुप्पट. साळीच्या लाह्यांची खळ, त्यात चिमूट चुना, ती सुताला लावलेली आहे. उन्हाळ्यात ताण्याखालीही पाण्याची भांडी ठेवतात. बादशाही मलमलीचं अर्धं ठाण, दहा वार, उतरायला पाच-सहा महिने लागतात. ढाक्यातले रफूगर तर ठाणातला एक अख्खा सदोष धागा काढून त्या जागी दुसरा घालतात. त्यातले बरेच जण अफू घेऊनच हे बारीक काम करायचे, असं जेम्स टेलर या ढाक्यात राहिलेल्या ब्रिटिश डॉक्टराने लिहून ठेवलंय. त्यानेच 1846 मध्ये एक लड मोजून घेतली: त्या हिशेबाने एक पौंड कापसातून 250 मैलांहून जास्त सूत. मुंबईहून सोलापूर गाठेल एवढं, अर्ध्या किलोपेक्षा कमी कापसात.

आता परत या. पाय धुवा, चिखल वाळलाय.

ती कापसाची जात पुढे शेतांतून नाहीशी झाली आणि ती कताईही. अलीकडे बांगलादेशातल्या संशोधकांनी तिच्या जवळचं झाड शोधून, लावून, तलम सूत काढून पुन्हा मलमल विणली. ढाक्याच्या मलमलीला 2020 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच घराण्यातली नक्षीदार जामदानी मात्र कधी थांबली नव्हती. शीतलक्षेच्या काठी रूपगंजला ती आजही हाताने विणतात, आणि 2013 मध्ये युनेस्कोने तिची नोंद घेतली.

हात शिवशिवत असतील तर दाभणाएवढ्या चातीच्या मागे लागू नका. साधी टकळी घ्या, खादी भांडारात विचारा किंवा आजीच्या ट्रंकेत शोधा. पेळू तयार मिळाले तर उत्तम. आणि एवढं ऐका: विदर्भात, मराठवाड्यात राहत असाल तर मे महिन्यात सुरुवात करू नका, सूत तुटेल आणि तुम्ही स्वतःला दोष द्याल. मृगाचा पाऊस पडू द्या, मग एखाद्या सकाळी लवकर उठून बसा.