रानात पडलेल्या झाडाची कुळी

रानात झाड कोसळलं आणि ऐकायला कुणीच नसलं, तर आवाज होतो का? हा प्रश्न लोक बेधडक तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कलीच्या नावावर खपवतात. त्याच्या ग्रंथांत तो नाही.

१७१० साली डब्लिनमध्ये, वयाच्या पंचविशीत, बर्कलीने मानवी ज्ञानाच्या तत्त्वांवर प्रबंध छापला: पाहणारं मन नसेल, तर वस्तूही नाही. त्यात झाडं आहेत, पण बागेतली, आणि उभी. आसपास पाहणारं कुणी नसतानाही झाड कल्पिता येतंच की, हा आक्षेप तो स्वतःच उभा करतो आणि लगेच खोडतो: कल्पना करणारे तुम्ही आहातच, मग मनाबाहेरचं झाड दाखवलंत कुठे? मला यात हातचलाखी वाटते. कल्पना माझी असली, म्हणून कल्पिलेलं झाडही माझ्या मनातलंच कसं ठरतं? पण बर्कलीला झाड नाहीसं करायचंच नव्हतं. माणसं निघून गेली तरी ईश्वर पाहतोच आहे, म्हणून ते टिकतं.

इंग्लिश कोशकार डॉ. जॉन्सनने १७६३ मध्ये हार्विचला एका मोठ्या दगडावर लाथ हाणून बर्कलीचं हे मत मोडीत काढलं, असं त्याचा चरित्रकार बॉस्वेल सांगतो. पण ठेच लागते हे बर्कलीने नाकारलं होतं कधी?

आवाजाचं घराणं वेगळं. चव, वास, रंग हे पदार्थात नसून अनुभवणाऱ्यात असतात, असं गॅलिलिओने १६२३ मध्ये लिहून ठेवलं होतं. पुढे तत्त्वज्ञ लॉकनेही ध्वनीला त्याच पंगतीत बसवलं. पडणारं झाड आलं ते बरंच उशिरा, अमेरिकेत. १८८३ मध्ये ‘शटॉक्वन’ मासिकाने निर्मनुष्य बेटावरच्या झाडाबद्दल विचारलं आणि उत्तर दिलं, आवाज होणार नाही. पुढच्याच वर्षी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये तेच. १९१० मध्ये मान आणि ट्विस यांच्या भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात बेटाचं एकाकी रान झालं.

म्हणजे हा शाळेतला प्रश्न. आवाज म्हणजे हवेतली कंपनं की कानाला होणारी जाणीव, एवढं ठरवलं की वाद मिटतो. बर्कलीच्या बागेत तशी सुटका नाही. तिथे झाड, हवा, कान सगळंच पणाला लागतं.

रोनाल्ड नॉक्स या इंग्लिश धर्मगुरूने बर्कलीच्या मताची गंमत करणारं लिमरिक रचलं, तेव्हा झाड पाडलं नाही. चौकात उभंच ठेवलं. चौकात कुणी नसताना ते तिथे कसं, एवढाच त्याचा सवाल. त्याच्या जोडीने फिरणारं उत्तरही लिमरिकच आहे: मी चौकात सदैव असतो. खाली सही ईश्वराची.