लळित उत्सवाचे झाले, फडाचे नाही

१/१२
जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ हे गाव आहे. चैत्र शुद्ध नवमी, शके १५३० (इ. स. १६०८) रोजी समर्थ रामदासांचा जन्म येथे झाला. रामनवमीचा उत्सव हा आजही या गावाचा मोठा सण. अशा उत्सवांच्या अखेरीस महाराष्ट्रात एक जुना लोकनाट्यप्रकार सादर होत आला आहे: लळित. आजचा विषय निरोपाचा असल्याने आरंभ तेथूनच करू.

२/१२
उत्सवदेवता सिंहासनावर विराजमान आहे, अशी लळितात कल्पना असते. भालदार, चोपदार, वासुदेव, गोंधळी, बहुरूपी अशी सोंगे एकामागून एक येतात, आपली कला देवापुढे मांडतात आणि मागणे मागतात. शेवटी प्रसाद वाटला जातो व उत्सवाची सांगता होते. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले. मराठी रंगभूमीच्या त्या आरंभामागील देशी परंपरांत अभ्यासक लळिताचीही गणना करतात.

३/१२
म्हणजे निरोपाचा प्रयोग मराठीला अपरिचित नाही. मात्र लळितातील निरोप उत्सवाला असतो, कलावंताला नव्हे. वासुदेवाचे सोंग घेणारा पुढील वर्षी येईल, हे सर्वांनी गृहीत धरलेले असते. तो आला नाही, तर मोरपिसांची टोपी दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर चढते.

४/१२
याउलट अमेरिकेत पाहा. ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’ हा लोकसंगीताच्या मुळांशी नाते सांगणारा वाद्यवृंद १९६६ साली कॅलिफोर्नियात स्थापन झाला. १९७२ मध्ये त्याने मेबेल कार्टर, अर्ल स्क्रग्ज, डॉक वॉटसन अशा ज्येष्ठांना सोबत घेऊन तीन तबकड्यांचा गाजलेला संच काढला. २०२४ मध्ये त्याने निरोपाचा दौरा सुरू केला. शेवट आधी जाहीर झाला, आणि श्रोत्यांना तो जाणीवपूर्वक अनुभवता आला.

५/१२
आपल्याकडे गावोगाव फिरणारा असा वृंद म्हणजे तमाशाचा फड. ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज. गण, गौळण, बतावणी, वग. दसऱ्याला तंबू निघतो आणि वैशाखापर्यंत मुक्काम बदलत राहतो. पुणे जिल्ह्यातील नारायणगावात फडमालक राहुट्या उभारतात, आणि यात्रा समित्या तेथे येऊन चैत्रातील जत्रांच्या सुपाऱ्या ठरवतात.

६/१२
या परंपरेतील थोरांचा निरोप कसा झाला? पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण घर सोडून ते तमाशात आले. महार समाजातील पवळा हिच्यासह त्यांनी जो फड गाजवला, त्याने कलेबरोबर जातीच्या भिंतीही हलवल्या. पुढे दोघांची साथ सुटली. बापूरावांची अखेरची वर्षे विपन्नावस्थेत गेली. त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला तो १९५० मध्ये, मृत्यूनंतर पाच वर्षांनी.

७/१२
विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचा जन्म पंढरपूरचा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडात त्या वाढल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. प्रयोग चालू असताना पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत आजही सांगितली जाते. अखेरच्या आजारात मात्र पैशांची चणचण होती. आज त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते.

८/१२
असे का व्हावे? केवळ रसिकांची कृतघ्नता हे उत्तर अपुरे आहे. फडाचे अर्थकारण उचलीवर चालते. हंगामापूर्वी कलावंत व मजूर यांना आगाऊ रक्कम द्यावी लागते. त्यासाठी फडमालक कर्ज काढतो आणि येणाऱ्या सुपाऱ्यांतून ते फेडतो. त्याची पत ‘पुढील वर्षीही फड निघणार’ या विश्वासावर उभी असते. शेवट जाहीर करणे म्हणजे तो विश्वास स्वतःच मोडणे.

९/१२
म्हणून येथे निरोपाऐवजी वारसा असतो. विठाबाईंनंतर त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी तमाशाची धुरा वाहिली. कांताबाई सातारकरांच्या फडाचे नावही पाहा: ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर लोकनाट्य तमाशा मंडळ’. पुत्र पुढे आला, माता ‘सह’ राहिली. त्या एका शब्दात आपल्या परंपरेतील निवृत्ती सामावली आहे.

१०/१२
मग २०२० उजाडले. त्या वर्षीचा गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि तोच देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस ठरला. ऐन सुपारीच्या हंगामात जत्रा रद्द झाल्या. पुढील पाडवा १३ एप्रिल २०२१ रोजी आला. त्याच दिवशी राज्यात नवे कडक निर्बंध जाहीर झाले. सलग दोन चैत्र कोरडे गेले. कर्ज मात्र थांबले नाही.

११/१२
मे २०२१ मध्ये कांताबाई सातारकरांचे निधन झाले. आयुष्यभर हजारोंच्या गर्दीपुढे उभ्या राहिलेल्या या कलावतीला गर्दीचा निरोप मिळणे त्या दिवसांत शक्यच नव्हते. त्यांचा अखेरचा प्रयोग पाहणाऱ्यांनाही तो अखेरचा आहे, हे ठाऊक नव्हते.

१२/१२
जुन्या तमाशाच्या शेवटी मुजरा म्हटला जाई. त्यात देवांबरोबर होऊन गेलेल्या शाहिरांनाही वंदन असे. वृद्ध कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे, ती असावीच. पण सुपारी देणाऱ्या गावालाही एक गोष्ट करता येईल. चैत्रात फड आला, की त्यातील सर्वांत वयोवृद्ध ढोलकीवाल्याला किंवा गायिकेला बोर्डावर पुढे बोलवावे, नाव पुकारून फेटा बांधावा किंवा खणानारळाने ओटी भरावी. पुढील वर्षी ती व्यक्ती पुन्हा आली, तर आनंदच आहे. न आली, तर गावाचा मुजरा तिच्यापर्यंत वेळेत पोहोचलेला असेल.