माटुंग्याचा दिवा

कौन्सिलने तुम्हाला स्वयंपाकघरात ठेवायला दिलेली ती झाकणाची छोटी पेटी जरा डोळ्यांसमोर आणा. चहाचा चोथा, बटाट्याची सालं, परवाचा भात. इथे ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी हा कचरा मोठ्या बंद टाकीत जातो. आत हवा नसते. जिवाणू तो कुजवतात आणि मिथेन तयार होतो. म्हणजे आपला गोबरगॅसच, फक्त शेणाशिवाय.

हा गॅस आपल्याकडे आधी कुठे पेटला असेल? तुम्ही म्हणाल, एखाद्या खेड्यात, गोठ्यामागे. पण त्याची सगळ्यात जुनी नोंद मुंबईची आहे. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमाची.

अनेक ठिकाणी साल १८५९ छापलेलं आढळतं. एकाचं बघून दुसऱ्याने उतरवलेलं असावं, कारण हा आश्रम निघालाच १८९० मध्ये. पालिका आयुक्त हॅरी अ‍ॅकवर्थ यांनी रस्त्यावरच्या निराधार रोग्यांसाठी तो उभारला. (शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत आपले पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापणारे, तेच हे अ‍ॅकवर्थ.) तिथल्या मैल्याच्या टाकीतला गॅस १८९७ मध्ये धरला गेला. त्यावर दिवे लागले, १९०७ मध्ये इंजिनही चाललं. तुमच्या एक्सेटरला डोनाल्ड कॅमेरॉनने सांडपाण्याच्या गॅसवर दिवे लावले ते १८९५ च्या सुमारास. म्हणजे मुंबई फार मागे नव्हती. आणि ज्यांच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं, त्यांच्या मैल्यावर हा उजेड पडला होता.

पुढचा इतिहास मात्र शेणाचा झाला. १९३९ मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत देसाईंनी शेणावर प्रयोग केले. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेलांनी तरंगत्या लोखंडी टोपाचं संयंत्र बनवलं. साठच्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगावी नेलं. गॅस भरला की टोप वर येतो, वापरला की खाली बसतो. गॅस किती उरलाय ते घरातल्या बाईला दारातूनच दिसायचं.

शेण चालतं हो. आपण त्याने देवघरापुढची जमीन सारवतो. मैल्याच्या गॅसवर भाकरी भाजायची म्हटल्यावर मात्र तोंडं वाकडी होतात. ज्योत तीच, उष्णता तीच, पण मन ऐकत नाही. माझ्या मते या तंत्राची खरी अडचण टाकीत कधी नव्हतीच, ती चुलीपाशी होती.

ती अडचण अंगावर घेतली देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी. १९६० च्या सुमारास ते तिथल्या सरकारी दवाखान्यात आले. लोक उघड्यावर जात आणि पोटाचे तेच तेच रोगी परत परत दारात येत. डॉक्टरांनी घरोघरी संडासासाठी पाठपुरावा केला आणि पुढे संडासच गॅसच्या टाकीला जोडले. तुकोबांच्या गावात संडासाच्या गॅसवर स्वयंपाक होऊ लागला. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ते हयात नव्हते.

तुमच्यापैकी कुणाच्या गावच्या घरामागे असा लोखंडी टोप होता का? आणि संडास त्याला जोडायचं निघालं, तेव्हा आजी काय म्हणाली होती? आम्हाला जरूर कळवा.