फुगा आणि पुसले गेलेले अस्तर

१६ सप्टेंबर १९७७, झुरिक. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी एका रुग्णाच्या हृदयधमनीत इवलासा फुगा नेऊन फुगवला आणि छाती न उघडता अरुंद झालेली वाट मोकळी केली. (आरंभीचे फुगे त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात घडवले होते!) पण पुढे साधारण तीनांपैकी एका रुग्णाची वाट काही महिन्यांतच पुन्हा अरुंद होऊ लागली.

कोड्याचा एक धागा ब्रुकलिनमध्ये होता. तेथे रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर असेटिलकोलीनसारखी रसायने घालत, पट्ट्या आवळत. १९७८ मध्ये मात्र, साहाय्यकाच्या हातून प्रयोगाचा क्रम चुकला आणि धमनीचा तुकडा चक्क सैल पडला! पूर्वी पट्टी कापताना आतले एकपदरी पेशींचे अस्तर नकळत घासले जात होते, हे तेव्हा उमगले. १९८० मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले.

फुगाही हेच अस्तर खरवडतो. मग वाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड तुटतो, उघड्या भिंतीला प्लेटलेट चिकटतात, आणि त्यांतून सुटणारे सेरोटोनिन वाहिनीला आवळते. डुकरांवरील प्रयोगांत तर अस्तर पुन्हा उगवल्यावरही ते पूर्वीसारखे वागेना. भिंतीतील स्नायुपेशींची वाढ हे संकट वेगळेच.

ग्रुंटझिग ऑक्टोबर १९८५ मध्ये विमान अपघातात गेले, अवघ्या ४६ व्या वर्षी. पाचच महिन्यांनी फ्रान्समधील तुलूझ येथे हृदयधमनीत धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवली गेली. फर्चगॉट यांना नोबेल मिळाले ते १९९८ मध्ये.