लिटरला फक्त २.७ किलोमीटर! अमेरिकन सेमी ट्रकचं डिझेल जातं कुठे?

नवीन बाईक घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ॲव्हरेज किती देते? हाच प्रश्न अमेरिकेच्या हायवेवर धावणाऱ्या सेमी ट्रकबद्दल विचारला तर उत्तर येतं, लिटरला साधारण २.७ किलोमीटर. तिकडच्या भाषेत ६ ते ६.५ मैल प्रति गॅलन.

ऐकून वाटतं, काय हे भंगार इंजिन! पण थांबा, आधी एक छोटं गणित करूया.

आकडा चुकीचा नाही, तुलना चुकीची आहे

सेमी ट्रक म्हणजे पुढे इंजिन आणि केबिन असलेला 'ट्रॅक्टर' (शेतातला नव्हे) आणि त्याला मागे जोडलेला सुटा ट्रेलर. अमेरिकेच्या हायवेवर मालासकट एकूण वजनाची साधारण मर्यादा ८०,००० पाउंड आहे, म्हणजे सुमारे ३६ टन. त्यात माल धरा २० टन.

२० टन माल २.७ किमी नेला, म्हणजे एका लिटरमध्ये ५४ टन-किलोमीटर काम झालं. तुमची बाईक दोन माणसं (समजा १४० किलो) घेऊन लिटरला ५० किमी गेली, तर काम झालं फक्त ७ टन-किलोमीटर. म्हणून ट्रकचं ॲव्हरेज बघताना माल किती होता हेही बघावं लागतं.

तरीही बचतीला भरपूर जागा आहे. एक ट्रक वर्षाला १,६०,००० किमी धावला तर २.७ च्या हिशोबाने जवळपास ५९,००० लिटर डिझेल पितो.

डिझेल खाणारे चौघे

१. इंजिन: आजची चांगली डिझेल इंजिनंसुद्धा इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता म्हणून गमावतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 'सुपरट्रक' प्रकल्पात ५० टक्के कार्यक्षमता गाठण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. यावरून ते किती अवघड आहे हे कळतं.

२. हवा: चाकांपर्यंत जी ऊर्जा पोहोचते, त्यातली हायवेच्या वेगाला साधारण निम्मी नुसती हवा बाजूला ढकलण्यात जाते.

३. टायर: फिरताना रबर दबतं आणि सुटतं, त्यात ऊर्जा वाया जाते. हवा कमी असेल तर अजून जास्त.

४. उभ्या ट्रकचं चालू इंजिन: तिकडच्या नियमानुसार ड्रायव्हरला जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवल्यावर सलग १० तास विश्रांती घ्यावी लागते. तो केबिनमध्येच झोपतो. एसी किंवा हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं तर तासाला साधारण ३ लिटर, म्हणजे रात्रीत ३० लिटर!

वेग कमी केला तर?

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग १०५ वरून ९७ किमी प्रति तास केला तर तो जवळपास १५ टक्के कमी होतो. हवेचा वाटा निम्मा धरला तर डिझेल साधारण ७ टक्के वाचतं. ८०० किमीच्या फेरीत हे होतात सुमारे २० लिटर, आणि पोहोचायला उशीर होतो अंदाजे ३८ मिनिटं.

म्हणजे दिवसभर हळू चालवून वाचवलेलं डिझेल एक रात्र इंजिन चालू ठेवलं की गेलं. म्हणून बरेच ट्रक झोपायच्या वेळेसाठी वेगळं छोटं इंजिन, बॅटरीवरचा एसी किंवा छोटा डिझेल हीटर लावतात.

सॉफ्टवेअर काय करतं?

मला सगळ्यात आवडलेली युक्ती म्हणजे प्रेडिक्टिव्ह क्रूझ कंट्रोल. साधा क्रूझ कंट्रोल फक्त आत्ताचा वेग बघतो. चढाच्या टोकापर्यंत जोर लावतो, आणि लगेच उतारावर ब्रेक लागतो. हा मात्र जीपीएस आणि चढ-उतार साठवलेला नकाशा वापरून पुढचा रस्ता आधीच 'बघतो'. माथा जवळ आला की थ्रॉटल सोडतो, बाकीचं काम उतार करतो.

मग सगळेच हे का करत नाहीत?

कारण डिझेलचं बिल एकाचं आणि निर्णय दुसऱ्याचा.

लांब पल्ल्याच्या बऱ्याच ड्रायव्हरना मैलावर पैसे मिळतात. वेग ताशी ८ किमीने कमी केला तर ११ तासांत जवळपास ९० किमी कमी होतात. बचत कंपनीची, तोटा ड्रायव्हरच्या खिशाला. म्हणून काही कंपन्या चांगल्या ॲव्हरेजवर बोनस देतात. स्वतःचाच ट्रक असलेल्याला हे गणित लगेच पटतं.

ट्रेलरचंही तसंच. त्याच्या दोन्ही बाजूंना खाली पडद्यासारखे पॅनल लावले की हवेचा विरोध कमी होतो. पण ट्रेलर अनेकदा दुसऱ्याच्या मालकीचा असतो, तो कशाला खर्च करेल? २०१६ मध्ये अमेरिकन सरकारने इंधन आणि प्रदूषणाच्या नियमांत ट्रेलरलाही आणलं. २०२१ मध्ये फेडरल कोर्टाने तो भाग रद्द केला, कारण ट्रेलरला स्वतःचं इंजिन नसतं, म्हणून कायद्यानुसार ते मोटार वाहनच नाही!

खरंच किती वाचू शकतं?

२०१७ मध्ये नॉर्थ अमेरिकन कौन्सिल फॉर फ्रेट एफिशियन्सी या संस्थेने 'रन ऑन लेस' नावाची चाचणी घेतली. ७ ट्रक, १७ दिवस, नेहमीचा माल, नेहमीचे ड्रायव्हर आणि बाजारात मिळणारंच तंत्रज्ञान. सरासरी आली १०.१ मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरला सुमारे ४.३ किमी. वर्षाच्या १,६०,००० किमीला हे होतात ३७,००० लिटर. आधीच्या ५९,००० मधून वजा करा: एका ट्रकमागे २२,००० लिटर.

आणि उद्या ट्रक इलेक्ट्रिक झाले तरी हवा आणि टायर तेच राहणार. तिथे वाचलेल्या प्रत्येक युनिटमागे बॅटरी लहान होईल आणि मालाला तेवढी जागा मिळेल.