जीव घाबरण्याचा इतिहास

आमच्या यवतमाळकडच्या बाया पंचेचाळिशीच्या आसपास एक वाक्य हमखास बोलतात. "उगीचच जीव घाबरते वं बाई." रात्री दोनला झोप मोडते, छातीत धडधडतं, सुनेच्या साध्या बोलण्यावर रडू येतं नाहीतर हातातलं भांडं आदळलं जातं. पाळी अजून गेलेली नसते, नुसती मागेपुढे होऊ लागलेली असते. त्यामुळे या घाबरण्याचा पाळीशी काही संबंध असेल, हे तिच्या मनात येत नाही आणि घरच्यांच्या तर नाहीच नाही.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, वैद्यक नव्हे. पण या घाबरण्यालाही इतिहास आहे आणि तो पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही लढाईइतका वाचण्यासारखा आहे.

सुश्रुतसंहिता सांगते की पाळी बाराव्या वर्षी सुरू होते आणि पन्नाशीला, शरीर पिकल्यावर थांबते. त्या श्लोकात मनाचा उल्लेख नाही. 'मेनोपॉज' हा शब्द खूप उशिरा आला. गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरने तो १८२१ मध्ये रूढ केला. पुढे १८९६ मध्ये क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने उतारवयातल्या घाबरट, अस्वस्थ उदासीनतेला एक वेगळा आजारच ठरवला. झालं! पाळी जाण्याच्या वयाची बाई म्हणजे वेड लागण्याच्या वाटेवरची बाई, असा समज डॉक्टरांच्या पुस्तकांतच जाऊन बसला आणि पाऊणशे वर्षं तिथून हलला नाही.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९७९ मध्ये मायर्ना वाइसमन या अमेरिकन संशोधक बाईंनी दाखवून दिलं की या वयातलं नैराश्य इतर वयातल्या नैराश्यापेक्षा वेगळं नसतं. १९८० च्या अमेरिकन रोगसूचीतून तो आजार वगळला गेला. बायकांवरचा एक शिक्का पुसला, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर "मग असं काही नसतंच" असाही अर्थ काढला गेला आणि जी खरोखर रात्र रात्र जागत होती ती पुन्हा खोटी ठरली. शेवटी २००६ मध्ये अमेरिकेतल्याच दोन अभ्यासांत नीट दिसलं की पूर्वी कधीही नैराश्य न आलेल्या स्त्रियांनाही या बदलाच्या वर्षांत ते येण्याचा धोका दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. म्हणजे सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतं त्यांचं खरं असतं. एवढंसं कळायला शंभरावर वर्षं गेली!

आता आपल्याकडे येऊ. चंद्रपूर ओलांडलं की गडचिरोली. तिथल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि यापूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास मनाचा नव्हता. पण जिथे अंगावरून जाण्याबद्दलही कोणी विचारलेलं नाही, तिथे जीव का घाबरतो हे कोण विचारणार? तिला सलाईन लावतात, नाहीतर देवाचं काही राहिलंय का म्हणून विचारतात.

आणि काही ठिकाणी थेट 'पिशवी' काढतात. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत अशी ४,६०५ ऑपरेशनं झाल्याचं २०१९ मध्ये विधिमंडळात सांगण्यात आलं. त्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या बाया पुष्कळ होत्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की पैसे कापले जातात, मग पिशवीच नको, असा तो हिशेब. पण गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली, तर जो बदल पाच-सात वर्षांत हळूहळू व्हायचा तो एकदम अंगावर येतो. घाबरणं, घाम, निद्रानाश, सगळं. तेही तिशी-पस्तिशीत. याचा राग मला आजही येतो.

हार्मोनच्या गोळ्यांचीही अशीच चढउताराची कथा आहे. २००२ मध्ये अमेरिकेतली १६,६०८ स्त्रियांवरची चाचणी मध्येच थांबवली गेली आणि जगभर भीती पसरली. त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, हे मागाहून नीट लक्षात घेतलं गेलं. पन्नाशीच्या आतबाहेरच्या बाईचा हिशेब वेगळा असतो. तो तिच्या डॉक्टरने, तिची तब्येत आणि घरातले आजार विचारून मांडायचा असतो.

त्याआधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावं, कारण धडधड आणि चिडचिड त्यांचीही असू शकते. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बाया काय थोड्या आहेत? पाळीच्या तारखा आणि वाईट गेलेल्या रात्री कॅलेंडरवर खूण करून ठेवाव्यात. दोन-तीन महिन्यांनी ते पान पाहिलं की पुष्कळ काही आपलं आपल्यालाच दिसतं, आणि डॉक्टरांसमोर बोलायलाही सोपं जातं. रात्री फारच कासावीस झालं तर २०२२ मध्ये सुरू झालेला टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.