मी अमेरिकेत आहे असं ठरवलं कोणी?

परवा ऑफिसचा व्हीपीएन चालू ठेवूनच मॅचचे हायलाइट्स लावले, तर व्हिडिओ नुसता गरगरत बसला. व्हीपीएन बंद केला, व्हिडिओ झकास. आता आमच्या व्हीपीएनमधून फक्त ऑफिसचं ट्रॅफिक जातं, व्हिडिओ थेटच येतो. मग भानगड काय? थोडं खोदल्यावर कळलं की व्हीपीएन चालू असताना व्हिडिओ अमेरिकेतल्या सर्व्हरवरून येत होता आणि बंद असताना मुंबईतल्या. मी आपला दोन्ही वेळा पुण्यात, त्याच खुर्चीत.

एकेकाळी हे आपलं आपणच ठरवायचो. लिनक्सची आयएसओ उतरवायची तर पानावर मिररची यादी असायची, त्यातला जवळचा देश बघून क्लिक करायचं. जवळचाच का, तर फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-न्यूयॉर्क अंतर साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद गेलेच, तेही केबल नाकासमोर सरळ टाकली आहे असं धरून. आणि एक पान उघडायला अशा बऱ्याच फेऱ्या होतात.

वेबवरची ही गर्दी पुढे डोकेदुखी होणार, हे टिम बर्नर्स-ली यांनी १९९५ मध्येच एमआयटीतल्या सहकाऱ्यांना सांगून ठेवलं होतं. तिथले गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन कामाला लागले. त्यांचा विद्यार्थी डॅनी लेविन, इस्रायली सैन्यात कमांडो राहून आलेला. कन्सिस्टंट हॅशिंगवरचा १९९७ चा पेपर या मंडळींचा (सहा लेखकांत एक रीना पाणिग्रही). शेकडो सर्व्हरांत फायली वाटायच्या, आणि एखादा सर्व्हर बंद पडला तरी सगळी वाटणी पुन्हा करावी लागू नये, ही त्यातली युक्ती. १९९८ मध्ये दोघांनी एमआयटीच्या उद्योजकता स्पर्धेत भाग घेतला. जिंकले नाहीत. त्याच वर्षी कंपनी काढली, अकामाई. लेविन तेव्हा २८ वर्षांचा, म्हणजे माझ्या वयाचा. (मी या वयात व्हीपीएनशी भांडतोय, असो.)

फाइल सगळीकडे ठेवली, पण कोणाला कुठून द्यायची? अकामाईने हे काम डीएनएसवर सोपवलं. एकच नाव विचारलं तरी विचारणारा कुठला आहे ते बघून वेगळा पत्ता द्यायचा, आणि तोही काही सेकंदांपुरताच, म्हणजे गर्दी झाली की दुसरीकडे वळवता येतं. मात्र यात एक मेख होती. तुमचा ब्राउझर अकामाईला थेट विचारत नाही. तो विचारतो रिझॉल्व्हरला, आणि रिझॉल्व्हर पुढे विचारतो. समजा, तुम्ही पुण्यात आहात आणि नाशिकच्या मामाला म्हणालात, जरा पिझ्झावाल्यांना जवळची शाखा विचार. हेड ऑफिसला फोनवर दिसतो ०२५३. ते इमानदारीत नाशिकची शाखा सांगतात, आणि मामा तोच नंबर तुम्हाला देतो.

तेव्हा हे खपून गेलं, कारण मामा गल्लीतलाच असायचा. रिझॉल्व्हर तुमच्या इंटरनेट कंपनीचा, बहुधा त्याच शहरातला किंवा निदान देशातला.

लेविन ११ सप्टेंबर २००१ ला बोस्टनहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या फ्लाइट ११ मध्ये होता. वय ३१. त्या दिवशी बातम्यांच्या साइट्स गर्दीने कोलमडत होत्या, आणि त्या उभ्या ठेवायला त्याचेच सहकारी राबत होते. आपला माणूस गेलाय हे कळल्यावरही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं वाचायला जरा वेळ लागला.

मग मामा लांब राहायला गेला. २००६ मध्ये ओपनडीएनएस आलं, डिसेंबर २००९ मध्ये गूगलचं ८.८.८.८. रिझॉल्व्हर एका देशात, माणूस दुसऱ्या. उपाय साधा होता: मामाने सांगावं की भाचा ०२० चा आहे. रिझॉल्व्हरने तुमच्या आयपी पत्त्याचा पुढचा भाग (शेवटचा आकडा गाळून) प्रश्नासोबत पाठवायचा. अकामाईने २०१४ मध्ये हे सार्वजनिक रिझॉल्व्हर वापरणाऱ्यांसाठी सुरू केलं. पूर्वी ज्यांना सर्वाधिक फटका बसायचा अशा देशांत सर्व्हरचं सरासरी अंतर आठ पटींनी घटलं, डाउनलोडचा वेळ निम्मा झाला. २०१६ मध्ये आरएफसी ७८७१ म्हणून ही पद्धत कागदावर आली. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तोच कागद सुरुवातीलाच सांगतो, ही सोय मुळात बंद ठेवा! कारण तुम्ही कुठल्या नेटवर्कवरून काय विचारताय, हे आता मामाच्या पलीकडच्यांनाही कळतं.

क्लाउडफ्लेअरने २०१८ मध्ये १.१.१.१ काढलं तेव्हा हा पत्ता पाठवायला नकारच दिला. आमचे सर्व्हर इतक्या शहरांत आहेत की रिझॉल्व्हरचं ठिकाण पुरेसं आहे, असा युक्तिवाद. म्हणजे फिरून १९९८ चंच गृहीतक, मामा गल्लीतलाच! क्वाड९ ने तर दोन दारं ठेवली आहेत: ९.९.९.९ तुमचा पत्ता पुढे पाठवत नाही, ९.९.९.११ पाठवतं.

माझ्या व्हीपीएनचा मामा अर्थातच अमेरिकेतला निघाला. ऑफिसच्या आयटीवाल्यांना तिकीट टाकलंय. घरच्या राउटरमध्ये सध्या ९.९.९.९ आहे, पण आयपीएल सुरू झाली की मी किती दिवस तत्त्वाला धरून राहीन, सांगता येत नाही.